टेबल एकच, मग दुसरे ऑफिस कशाला?

फोंड्याच्या एका गृहस्थांनी विचारले आहे: हिशेब, जीएसटी आणि पगारपत्रकांचे काम करणारी त्यांची छोटी फर्म आहे. त्यांना धरून सात माणसे, ऐंशीच्या आसपास क्लायंट. पहिली सहा-सात वर्षे काम वाढत गेले, गेली तीन वर्षे ते जिथल्या तिथे आहे. आता मडगावात दुसरे ऑफिस काढावे, की फी थोडी उतरवून आणखी क्लायंट घ्यावेत, की चांगले सॉफ्टवेअर आणून माणसे कमी करावीत? आणि जाता जाता एक ओळ: पहिल्या वर्षापासून सोबत असलेली बाई आता 'मला काहीतरी वेगळे द्या' म्हणते, तिला भागीदार करू का?

मी हेच काम २००३ पासून करते. सुरुवात डिचोलीत केली, आता म्हापशात आहे, अकरा जणांचे ऑफिस आहे. मी सीए नाही. ऑडिटवर सही करणाऱ्यांचे नियम वेगळे आणि त्यांची गणितेही वेगळी. मी लिहिते ते आपल्यासारख्या, महिनोन्महिने दुसऱ्यांच्या वह्या ओढणाऱ्या फर्मपुरते.

तुमच्या प्रश्नातले कामाचे वाक्य तुम्ही कंसात टाकले आहे: 'महिन्याच्या सातपासून वीसपर्यंत मी रात्री दहाच्या आत घरी जात नाही.' सात, अकरा, पंधरा, वीस. सातला टीडीएस (कापून घेतलेला आयकर भरणे), अकराला जीएसटीआर-वन (विक्रीचा जीएसटी रिटर्न), पंधराला पीएफ-ईएसआय (कामगारांचा भविष्यनिर्वाह निधी आणि विमा), वीसला थ्रीबी (कर भरण्याचा जीएसटी रिटर्न). आपल्या धंद्यातला माणूस पंचांग विसरेल, हे चार आकडे विसरणार नाही. पण या तेरा-चौदा रात्री सातही माणसे थांबतात का? तुमच्या लिहिण्यावरून वाटते, तुम्हीच थांबता. प्रत्येक रिटर्न तुमच्या नजरेखालून जातो. क्लायंटचा फोन तुम्हीच घेता. या बिलाचे इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट) घ्यायचे की नाही, हे तुम्हीच सांगता. बाकीचे सहा जण मान मोडून एंट्र्या मारतात आणि मग तुमच्या टेबलासमोर रांगेत उभे राहतात. म्हणजे काम कमी पडते म्हणून वाढ थांबलेली नाही. तुमच्या टेबलावरून महिन्याला जेवढे पुढे सरकते, तेवढीच तुमची फर्म मोठी आहे. मडगावचे ऑफिस काढलेत तर त्याच टेबलापुढे आणखी एक रांग लागेल, एवढाच फरक.

काही गोष्टी मला इथून दिसत नाहीत आणि त्यांवर बरेच अवलंबून आहे, हे आधी कबूल करते. तुमचे वय पस्तीस आहे की पंचावन्न? घरात दुसरा पगार आहे का? एकाच क्लायंटकडून एकूण फीचा तिसरा हिस्सा येतो का? तसे असेल तर वाढीचा विचार नंतर. आधी तो धोका कमी करा. आणि मुळात वाढायचे आहे का, हेही स्वतःला विचारा. चार माणसांत नीटनेटके, चांगल्या फीचे काम करून चतुर्थीला पाच दिवस निवांत बसणारी माणसे मी इथे बार्देश तालुक्यात पाहिली आहेत. मला त्यांचा हेवा वाटतो.

आता वहीची गोष्ट सांगते, कारण पुढचे सगळे तिच्यावर उभे आहे. २०१४ च्या जूनमध्ये मी दोनशे पानी वह्या आणल्या आणि प्रत्येकाला एक दिली. तीन रकाने: कुणाचे काम केले, किती मिनिटे लागली, आणि मध्ये थांबले असेल तर कुणासाठी थांबले. मीही लिहिणार होते. पहिल्या आठवड्यात सगळ्यांनी नाके मुरडली. एकाने तर 'मॅडमने बोलावले, २० मिनिटे' अशी नोंद केली, ती मला अजून टोचते. तीन महिने आम्ही हे चालवले.

किनारपट्टीवरचे एक रेस्टॉरंट तेव्हा माझे मानाचे क्लायंट होते. नाव सांगितले की समोरचा म्हणायचा, 'त्यांचे तुम्ही करता?' फी महिना १,८०० रुपये. त्यांची बिले प्लास्टिकच्या पिशवीतून यायची, मासळीवाल्याच्या चिठ्ठ्या ओल्या, एकमेकींना चिकटलेल्या. पावसाळ्यात थर्मल कागदावरची अक्षरे उडून गेलेली. आमची मुलगी मोबाइलचा दिवा तिरपा धरून आकडे शोधायची, मग मॅनेजरला फोन, मॅनेजर झोपलेला. वहीत त्यांचे महिन्याला १९ तास निघाले, म्हणजे तासाला ९५ रुपये. पगार, भाडे, वीज धरून मला एक तास ११० च्या आसपास पडत होता. मी दर महिन्याला खिशातले पैसे घालून त्या रेस्टॉरंटचे हिशेब लिहीत होते आणि वर मिरवत होते. उलट तुये औद्योगिक वसाहतीतला एक मजूर-कंत्राटदार, ज्याचे नाव आमच्या ऑफिसाबाहेर कुणाला माहीत नव्हते, महिना ६,००० द्यायचा आणि त्याला ९ तास लागायचे. फीच्या यादीतला क्रम आणि तासांच्या यादीतला क्रम शेजारी ठेवले तेव्हा दोन वेगळ्या फर्मच्या याद्या वाटल्या.

पण खरा धक्का तिसऱ्या रकान्याने दिला. 'कुणासाठी थांबले' याखाली निम्म्याहून जास्त ठिकाणी माझेच नाव होते. क्लायंटने कागद दिले नाहीत, पोर्टल चालत नव्हते, हे सगळे माझ्यानंतर. मी समजत होते की मी फर्म ओढते आहे.

तर पहिले काम हे. तीन महिने वही ठेवा. संगणकावर ठेवलीत तरी चालेल, पण हाताने लिहिताना माणूस कमी खोटे लिहितो, असा माझा अनुभव.

वही भरली की कामाचे तीन ढीग करा. एक तारखेचे काम: दर महिन्याला तेच, तारीख ठरलेली. दुसरे घटनेचे काम: नोटीस आली, नवी नोंदणी, बँकेच्या कर्जाची कागदपत्रे, कायदा बदलल्यामुळे सगळी पगारपत्रके नव्याने मांडणे. तिसरे निर्णयाचे काम: मालक विचारतो, 'अमुक करू की तमुक?' आपल्यातले बहुतेक जण पहिल्याची फी घेतात, दुसऱ्याची संकोचत मागतात आणि तिसरे फोनवर फुकट देऊन टाकतात. किमतीने पाहिले तर क्रम नेमका उलटा आहे.

तिसऱ्याचे एक उदाहरण देते. कांदोळीचा एक हॉटेलवाला, बारा खोल्या, खाली रेस्टॉरंट. वर्षभर खोली साडेचार-पाच हजाराला जाते, नाताळ ते नववर्षाच्या आठवड्यात तो भाव वर चढवतो, तसा सगळेच चढवतात. मागच्या डिसेंबरच्या तोंडावर त्याने फोन केला, '३१ च्या रात्री खोली आठ हजाराला लावू ना?' आता १ एप्रिल २०२५ पासून नियम असा आहे, की आदल्या आर्थिक वर्षात हॉटेलातल्या एकाही खोलीचे एका दिवसाचे भाडे ७,५०० च्या वर गेले, तर त्या आवारातल्या रेस्टॉरंटवर पुढच्या वर्षी १८ टक्के जीएसटी, इनपुट क्रेडिटसह. नाही गेले तर ५ टक्के, क्रेडिटशिवाय. शिवाय २२ सप्टेंबर २०२५ पासून ७,५०० पर्यंतच्या खोलीवर ५ टक्के आणि त्यावर १८. म्हणजे एका रात्रीच्या पाचशे रुपयांपायी त्याच्या माशाच्या थाळीवर अख्खे वर्ष १८ टक्के लागले असते. त्याचे गिऱ्हाईक बहुतेक रस्त्यावरून येणारे, त्यांना कोणी क्रेडिट देत नाही. मी म्हटले, ७,४०० ला लाव, आणि जेवण-संगीताचे पॅकेज कसे दाखवायचे ते आधी मला विचार. दहा मिनिटांचा फोन. पाच वर्षांपूर्वी मी हा सल्ला 'बरे झाले विचारलेत' म्हणून सोडून दिला असता. आता हॉटेलांसाठी वर्षाला दोन बैठकांची वेगळी फी आहे, एक सप्टेंबरात, हंगामाआधी, आणि एक मार्चमध्ये. तो कुरकुर न करता देतो, कारण फोनची किंमत त्याला कळली आहे.

तारखेच्या कामाची फीही ढोबळ ठरवू नका. 'महिना दोन हजार' हे वाक्य आपल्याला बुडवते, कारण त्यात काय येते हे कुठेच लिहिलेले नसते. आम्ही एक पानाचे कामाचे पत्र देतो. महिन्याला १५० पर्यंत बिले, ५ तारखेपर्यंत आमच्या हातात. त्यापुढे बिलामागे इतके. उशिरा दिलीत तर उशिराचे इतके. नोटीसचे काम वेगळे. २०१५ मध्ये वहीच्या आधारावर मी ३१ जणांना नवे दर कळवले. हात थरथरत होता. सात जण गेले, त्यातल्या चौघांना मी स्वतःहून सोडणारच होते. ते मानाचे रेस्टॉरंटही गेले. एक जण नोटीस घेऊन परत आला.

यातच तुमच्या दुसऱ्या पर्यायाचे उत्तर आहे. फी उतरवून मिळणारा क्लायंट फी बघून आलेला असतो, उद्या कोणी दोनशे कमी सांगितले की तो जातो. आणि तारखेच्या कामाचे दर आपोआपही खाली येतच आहेत. जानेवारी २०२१ पासून पाच कोटींपर्यंत उलाढाल असणाऱ्यांना तिमाही रिटर्नची सोय झाली, तेव्हा माझ्याकडे किती जण फी एक तृतीयांश करा म्हणून आले! एंट्र्या तेवढ्याच, कराचा भरणा दर महिन्याला आहेच, पण त्यांना दिसतो तो रिटर्न. सरकार एक फॉर्म कमी करते आणि आपला धंदा हलतो. म्हणून नुसत्या फॉर्मवर उभे राहू नये.

मग कशावर उभे राहायचे? एखाद्या व्यवसायाची नस ओळखण्यावर. इथे माझी जुनी जखम सांगावी लागेल.

डिचोलीत मी सुरुवात केली तेव्हा खाणींची भरभराट होती. पिसुर्ले-वेळगेच्या रस्त्यांवर टिप्परची रांग, सारमानसच्या जेट्टीवर बार्ज. ज्याच्याकडे थोडे सोने होते त्याने ते गहाण टाकून ट्रक घेतला. माझे ९० पैकी ६० क्लायंट ट्रकवाले, बाकीच्यांतही टायरवाले, गॅरेजवाले, डिझेलवाले. मला ट्रकचे सगळे यायचे: हप्ता, फेऱ्यांचा हिशेब, टीडीएस, ट्रकमागे ठरावीक उत्पन्न धरणारे आयकराचे ४४एई कलम. त्यांच्यासाठी मी तज्ज्ञ होते. त्या जोरावर २०१० मध्ये मडगावला ऑफिस काढले, सांगे-केपेचे ट्रकवाले मिळतील म्हणून. एक होतकरू मुलगा बसवला. तो दिवसाला पंचवीस वेळा फोन करायचा, 'मॅडम, हे कसे करू?' आणि क्लायंट त्याला म्हणायचे, 'मॅडम कधी येणार?' आठवड्याला दोन दिवस मी बसने मडगावला, ते दोन दिवस डिचोली थांबलेली. १९ महिन्यांत कुलूप लावले. भाडे, फर्निचर, अनामत, सगळे धरून मला ते दोन वर्षांच्या नफ्याला पडले.

आणि मग सप्टेंबर २०१२. खाणी बंद. आधी सरकारचा आदेश, ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाचा. दिवाळीपर्यंत ट्रक अंगणात ताडपत्रीखाली उभे. ज्यांचा हप्ता थकला त्यांच्याकडे मी फी कुठल्या तोंडाने मागणार? काहींची अजून येणे आहे, मी ती वही फाडून टाकली. मधल्या काळात खाणी पुन्हा सुरू झाल्या तेव्हा लोक परत आले, 'आता घ्या आमचे काम.' मी घेतले, पण मोजून. फेब्रुवारी २०१८ मध्ये न्यायालयाने ८८ खाणपट्ट्यांचे (लीजचे) नूतनीकरण रद्द केले आणि १६ मार्चपासून पुन्हा बंद, तेव्हा मला झळ लागली, पण भाजले नाही.

तेव्हापासून माझा एक नियम आहे: एका व्यवसायाकडून एकूण फीच्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त येऊ द्यायचे नाही, आणि दोन असे व्यवसाय धरायचे जे एकाच कारणाने आडवे होणार नाहीत. माझ्याकडे किनाऱ्यावरची हॉटेले आणि कारखान्यांचे मजूर-कंत्राटदार. २०२० मध्ये हॉटेलांना कुलपे लागली, पण औषधांचे कारखाने चालू होते, त्यांच्या कंत्राटदारांना दर महिन्याला पीएफ-ईएसआयचे चलन (पैसे भरल्याची पावती) लागतच होते. त्या फीवर मी सगळ्यांचे पगार दिले. एकाचा तीस टक्के कापला, तो पुढच्या वर्षी परत दिला.

तुम्ही फोंड्यात आहात. बेतोडा, कुंडई, मडकई, तीन औद्योगिक वसाहती तुमच्या तालुक्यात, स्कूटरने जाण्यासारख्या. मडगाव कशाला? तिथले कंत्राटदार काय विकत घेतात ते नीट बघा. तुम्ही म्हणाल पीएफचे रिटर्न. कंत्राटदाराचे बिल कंपनी तेव्हाच पास करते जेव्हा मागच्या महिन्याचे पीएफ-ईएसआयचे चलन आणि हजेरीपत्रक बिलाला जोडलेले असते. चलन पंधराला निघाले तर बिल पुढच्या फेरीत जाते, त्याचे चाळीस मजुरांच्या पगाराचे पैसे अडकतात आणि तो सावकाराकडे जातो. आम्ही त्याला चलन आठ तारखेला देतो. त्यासाठी हजेरी एक तारखेला संध्याकाळी आमच्या मुलीच्या मोबाइलवर यायला हवी, एवढी एकच शिस्त आम्ही त्याला लावली. तो आम्हाला पीएफसाठी पैसे देत नाही, लवकर सुटणाऱ्या बिलासाठी देतो. हे कळल्यावर फी दीडपट मागायला मला लाज वाटली नाही. त्यात २१ नोव्हेंबर २०२५ पासून चारही श्रमसंहिता (जुन्या कामगार कायद्यांच्या जागी आलेले कायदे) लागू झाल्या. भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याच्या वर गेले तर वरचा भाग वेतनात धरायचा, म्हणजे जिथे मूळ पगार मुद्दाम लहान ठेवला होता तिथली सगळी मांडणी हलली. वर्षभराचे घटनेचे काम चालून आले आहे, आणि त्यासाठी कोणी पणजीहून माणूस बोलावण्याआधी तुम्ही दारात उभे असायला हवे.

देवस्थानांच्या हिशेबांचा मोह फोंड्यात होईल. मान मिळतो, प्रसाद मिळतो. महाजनांचे (देवस्थानच्या वंशपरंपरागत सभासदांचे) बिनसले की मध्ये हिशेब लिहिणारा भरडतो. तुमची मर्जी.

इथपर्यंतचे थोडक्यात: वही ठेवा, कामाचे ढीग करा, तोट्याचे काम नव्या पत्रासह नव्या दराने द्या किंवा जाऊ द्या, आणि जवळच्या दोन व्यवसायांत खोल शिरा. यातून जागा मोकळी होईल. पण टेबलाचे काय?

त्याचा उपाय माणसांत आहे, आणि गोव्यात माणसांचा प्रश्न जरा निराळा आहे. आपल्याकडे येणारी बी. कॉम. झालेली मुले मनाने आधीच सरकारी खात्यात रुजू झालेली असतात. भरती आयोगाची जाहिरात आली की ऑफिसात सामान्यज्ञानाची पुस्तके दिसू लागतात. मी पूर्वी चिडायचे. आता धरूनच चालते, की मुलगा दोन ते तीन वर्षे राहील. म्हणून तारखेचे काम असे बांधायचे, की नवा माणूस तीन महिन्यांत उभा राहील. प्रत्येक क्लायंटची एक पानाची ओळख: कोणती बिले येतात, कुठे नेहमी चूक होते, मालकाशी बोलायचे की मॅनेजरशी, कोणत्या खर्चाचे क्रेडिट घ्यायचे नाही. हे पान त्या क्लायंटचे काम करणाराच लिहितो आणि दर एप्रिलला सुधारतो. सुरुवातीला मी चाळीस पाने स्वतः लिहायला बसले होते, चार झाली. जे माझ्या डोक्यात होते ते कागदावर उतरवायला मीच सर्वांत नालायक होते.

मग तपासणी. सगळे तपासणे सोडा. आमच्याकडे तीन गोष्टी माझ्याकडे येतात: कर गेल्या तीन महिन्यांच्या सरासरीपेक्षा पाचव्या हिश्श्याने वरखाली असेल, टूबीशी (पुरवठादारांच्या रिटर्नवरून पोर्टल दाखवते त्या क्रेडिटच्या यादीशी) न जुळणारे क्रेडिट ठरलेल्या रकमेच्या वर असेल, किंवा क्लायंट नवा असेल. बाकी सगळे जुन्या दोघी बघतात आणि पोर्टलवर चढवतात. पहिल्या दोन महिन्यांत दोन चुका झाल्या. एकीचे व्याज ३४० रुपये, ते आम्ही भरले. माझ्या रात्री दहाच्या हिशेबात ते स्वस्त पडले.

सॉफ्टवेअरबद्दल फार लिहीत नाही. घ्या, बँकेच्या नोंदी आपोआप टॅलीत येणे आणि टूबी जुळवणे यात वेळ खरोखर वाचतो. पण माणसे कमी करण्यासाठी घेऊ नका. वाचलेला वेळ कुठे जाणार हे आधी ठरवा, नाहीतर तो चहात जातो. आणि जिथे बिले मासळीच्या पिशवीतून येतात तिथे कोणतेही सॉफ्टवेअर हात टेकते. आधी त्या मॅनेजरला रोज रात्री बिलाचा फोटो काढायला शिकवा.

वाढीत फर्म मरते ती पैशाच्या चणचणीने. नवा माणूस पहिले तीन-चार महिने खर्चच असतो, नवा क्लायंट पहिली फी दोन महिन्यांनी देतो. मी तीन महिन्यांचे पगार वेगळ्या खात्यात ठेवल्याशिवाय माणूस घेत नाही. आणि आपली येणी वसूल करा. आपण सगळ्यांना घसा कोरडा करून सांगतो, की उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म-लघु उद्योगाचे पैसे करार नसेल तर १५ आणि करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्या, नाहीतर २०२३-२४ पासून मुदत उलटून वर्षअखेरीस थकलेला तो खर्च त्या वर्षी वजावटीला मिळत नाही. आपली सेवा देणारी फर्मही त्यात येते, आणि आपल्यापैकी कितीतरी जणांची स्वतःची उद्यम नोंदणीच नसते! माझी २०२४ पर्यंत नव्हती. आता बिलावर नोंदणी क्रमांक छापलेला आहे आणि मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात एक नम्र आठवण जाते. तेवढे पुरते.

मडगावला कधी जावे? तिकडचे वीस-पंचवीस क्लायंट आधीच फोंड्याच्या ऑफिसातून चालत असतील, आणि तुमच्याशिवाय निर्णय घेऊ शकणारा, सासष्टीतलाच (मडगावच्या तालुक्यातला) एक माणूस तयार असेल तेव्हा. मग ऑफिस भाड्याने घ्यायला आठ दिवस पुरतात. तयारी झाली की नाही हे कळायला साधी परीक्षा आहे. २०२६ ची चतुर्थी १४ सप्टेंबरला आहे. पंधराचे पीएफ-ईएसआय आणि वीसचे थ्रीबी, दोन्ही तिच्या पोटात. क्लायंट तर अकराच्या आधीच गावच्या घरी माटोळी (गणपतीवरची फळाभाज्यांची आरास) बांधायला गेलेले असतील. तुम्ही १३ च्या दुपारी फोन त्या बाईकडे देऊन घरी जा आणि १९ ला या. काय अडले त्याची यादी करा. यादी अर्ध्या पानाची असेल तर मडगावचा विचार करू.

आणि ती बाई. तिचा प्रश्न तुम्ही शेवटच्या ओळीत टाकलात, मी असते तर पहिल्या ओळीत टाकला असता, कारण टेबलावरचा अर्धा भार जाणार तो तिच्याकडेच. 'वेगळे काहीतरी' म्हणजे नक्की काय, ते आधी तिलाच विचारा. माझ्याकडच्या जुन्या सहकारिणीने २०१९ मध्ये राजीनामा लिहून आणला होता. मला वाटले पगार. तिला हवे होते, की क्लायंटने तिच्या नावाने फोन करावा. मी तिला थेट भागीदारी दिली नाही. आधी एक वर्ष हॉटेलांचे सगळे क्लायंट तिच्या नावावर केले, त्यांच्या नफ्यातला ठरलेला हिस्सा दिला, दर तीन महिन्यांनी आकडे तिच्यासमोर मांडले. तोटा झालेल्या तिमाहीत ती कशी वागते ते मला पाहायचे होते, आणि मी कशी वागते ते तिला. मग भागीदारी केली. साध्या भागीदारीत एकाच्या चुकीचे देणे दुसऱ्याच्या घरापर्यंत जाते, म्हणून एलएलपी (मर्यादित देयतेची भागीदारी) घेतली. दर वर्षी ३० मे आणि ३० ऑक्टोबरचे दोन फॉर्म वाढले, चालायचेच.

एक गोष्ट मात्र कागद करण्याआधी करा, ती बाहेरचे सल्लागार सांगणार नाहीत. तिचे लग्न गोव्याच्या समाईक मालमत्तेच्या पद्धतीने (नवरा-बायकोची मालमत्ता निम्मी-निम्मी) झालेले असेल, तर पगार होता तोवर तो आयकरात तिचा एकटीचा होता. भागीदार झाली की तिचे मानधन धंद्याचे उत्पन्न ठरते आणि त्यासाठीचे आयकराचे कलम (१९६१ च्या कायद्यातले फाइव्ह-ए) लागून अर्धे नवऱ्याच्या विवरणात जाते. फर्ममधल्या तिच्या वाट्यावरही त्याचा हक्क सांगितला जाऊ शकतो, आणि तुमच्या वाट्यावर तुमच्या बायकोचा. आमच्या वेळी आम्ही चौघे एका रविवारी माझ्या घरी बसलो. तिच्या नवऱ्याने पहिलाच प्रश्न विचारला, 'म्हणजे आता ही रात्री किती वाजता येणार?' माझ्या नवऱ्याला हसू आवरेना. मसुदा वकिलाकडे जाण्याआधी तेवढी एक बैठक करा, आणि वेळ सातच्या पुढे जाणार नाही असे लिहून द्यायची तयारी ठेवा.